कुरवंड्यात रेंज नाही

भूत, करणी, पिंडाला शिवणारा कावळा... हे सगळं थोतांड आहे असं मी आयुष्यभर म्हणत आलो. आजही तेच म्हणतो. त्यामुळे खाली कमेंटमध्ये येऊन कुणी मला श्रद्धा शिकवू नका, आधीच डोकं फिरलंय.

माझा मावसभाऊ सागर टाकवे बुद्रुकचा, मी लोणावळ्यात हॉटेलच्या रिसेप्शनला. पाच वर्षं आम्ही एकच ऑनलाईन गेम खेळलो — किल्ले, राक्षस, तलवारी. मी मारणारा, तो जखमा भरणारा. त्याच्या कॅरेक्टरला एकट्याने साधं रानडुक्कर मारता येत नसे. संध्याकाळी मी लॉगिन झालो की मगच त्याचा खेळ सुरू.

मग मला कंटाळा आला. भांडण नाही, काही नाही... तेच राक्षस, तीच दारं, विटलो. पण तसं तोंडावर सांगायची हिंमत होईना. तेव्हाच कुरवंड्याला राहायला गेलो होतो, म्हणून ठोकून दिलं — इथं डोंगरात रेंज नाही. नेट फुल होतं हो. चार महिने तो मेसेज करायचा, आली का रेंज? मी म्हणायचो, नाही. इतका कसला भोळा माणूस, एकदा तरी शिव्या द्यायच्या होत्यास की. नंतर डेंगूने चार दिवसांत गेला. सव्वीस वर्षांचा.

दशक्रियेला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर, पण एकही खाली येईना. चुलत्यांनी शब्द दिला, आईला सांभाळतो. मामा म्हणाले, तुझ्या बहिणीचं लग्न लावून देतो. तास गेला. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. लोक घड्याळं बघत होते, त्याचाही मला संताप येत होता. कुणीतरी मला पुढे ढकललं — तू त्याचा जोडीदार, तू बोल.

मी हात जोडले. म्हणालो, "सागऱ्या, आजपासून रोज खेळीन."

एक कावळा उतरला, पिंडापर्यंत आला आणि तसाच माघारी गेला.

माझं टाळकंच सरकलं. सगळ्यांदेखत ओरडलो, "खोटं बोललो मी. रेंज होती. कंटाळा आला होता मला. आता पण नाय खेळणार."

बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, कावळा आला आणि शिवला.

योगायोग म्हणा. मीही स्वतःला तेच सांगतो. पण मग पहिल्या वेळी तो परत का फिरला? याचीच जास्त चिडचिड होते.

लोक पांगल्यावर मावशी, म्हणजे सागरची आई, जवळ आली. वाटलं मुस्काटात देईल. दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मंग तसं सांगायचं व्हतं रं त्याला. तुझी वाट बघत त्यो रोज जेवायचा थांबायचा."