मोरी नसलेली खोली

दोहा शहरातल्या बिन महमूद भागात आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये महिन्याआड काहीतरी गळतं, त्यामुळे रत्नागिरीचे प्लंबर चाचा आता घरचेच झालेत. आधी पाइपावर बोट वाजवून कान लावतात, मगच पाना काढतात. काम झालं की "खलास!" म्हणतात आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानेच चहा पितात.

परवा टेबलावर माझ्या भाषणाचे कागद पसरले होते. सिंधूकाठच्या प्राचीन शहरात घरोघरी मोरी होती, म्हणजे तिथे सगळे समान होते, असं मी शुक्रवारी मराठी मंडळात ठणकावून सांगणार होते. चाचांनी हात पुसून तिथल्या एका घराच्या नकाशावर बोट ठेवलं.

"बाय, दाराजवळच्या या खोलीला मोरी का नाय?"

"कोठार असेल, चाचा."

"धान्य कोण दारात ठेवतो गो? इथल्या बंगल्यांत असल्याच खोलीच्या बाजूनं मी पाइप नेतो. खिडकी नाय, नळ नाय. आत कामवालीची गादी."

"पण त्या घरात तसंच होतं, याला पुरावा काय?"

"नाय पुरावा. तुझ्या 'सगळे समान'ला आहे?"

चाचा चहा घेऊन नेहमीच्या जागी, दारात जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी बसा म्हटलेलं मला आठवेना. मी घाईघाईने खुर्ची पुढे ओढली.

"बसा ना, चाचा."

"आधी ता भाषण बदल," ते म्हणाले, आणि चहा उभ्यानेच संपवला.