सायमनचा 'टँकर' आणि मधलं बोलणं

मेलेल्या माणसाचं काम कुठे फसलं, हे सांगायची हिंमत तुमच्यात आहे का? माझा मित्र सायमन गेला त्या दिवशी भिंगारला, मातीनंतरच्या चहाला जो तो म्हणत होता, "काय अल्बम करून गेला!" बहुतेकांनी तो ऐकलाच नव्हता. अजून तो बाहेरच आलेला नाही.

हा अल्बम, 'टँकर', म्हणजे नऊ गाण्यांत सांगितलेली एक गोष्ट. पाण्याचा टँकर ज्याच्या शब्दावर फिरतो, त्या पुढाऱ्याविरुद्ध कौसा नावाची बाई सरपंचपदाला उभी राहते आणि तिच्या वस्तीचं पाणी बंद होतं. संबळ, इलेक्ट्रिक गिटार आणि सायमनचा खरखरीत आवाज. त्याचे वडील चर्चमध्ये ख्रिस्ती कीर्तन करायचे. पद थांबवून निरूपण, मग पुन्हा पद... ही रीत त्याने रॉकमध्ये तशीच आणली, आणि तिथेच फसला. संबळ तापला की हा गाणं थांबवून समजावायला लागतो. पुढारी तर इतका दुष्ट, की खराच वाटत नाही. मी चळवळीची पत्रकं वाटत वाढलोय; घोषणा मला लांबून ओळखू येते.

"सायमन, हे गाणं हाय का सभा?" तो होता तेव्हाच मी विचारलं होतं.

"तुझ्या सभेला आमी उठून जातो का? बस की गप!"

पण सहाव्या गाण्यात टँकर वस्तीवर न थांबता निघून जातो, आणि तिथे निरूपण नाही. नुसता संबळ, लांब लांब जाणारा. "इथं का बोलला नाहीस?" मी विचारलं. तो म्हणाला, "कौसाच बोलंना... मी काय बोलू?"

आता त्याची बहीण रूथ मला म्हणते, "दादा, बोलणं सगळं कापते. तीन चांगली गाणी तेवढी सोडू. लोकांनी त्याला नावं ठेवलेली मला न्हाई सोसायची."

मी म्हटलं, ठेवू देत. पाच गाणी तो बोलत राहतो, म्हणून सहाव्यातलं गप्प बसणं ऐकू येतं. कापलंस तर तेही जाईल.

"आणि लोक मधूनच उठून गेले तर?"

तिने विचारलं. शेवटी तिने ठरवलं, एकदा लोकांसमोर सगळं वाजवायचं, मग कात्रीचं बघायचं. येत्या रविवारी संध्याकाळी, भिंगारच्या चर्चशेजारच्या हॉलमध्ये. या. कंटाळा आला तर रूथला तोंडावर सांगा, तिला खोटं कौतुक नकोय. फक्त सहावं गाणं संपेपर्यंत उठू नका.