दादाभाऊंची वेगळी कणगी

घोडेगावच्या आमच्या बियाणे संस्थेत संगणकाचं सगळं काम दादाभाऊ पाहतात. ते मूळचे खोडदचे. तरुणपणी त्यांचा स्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्न असो की जत्रा, कर्णे त्यांचेच. पुढे कानांनी दगा दिला. डॉक्टरांनी धंदा सोडायला सांगितला, तेव्हा सामान विकून ते नारायणगावला संगणक शिकायला बसले. वर्गातली मुलं त्यांना काका म्हणत. आजही सर्व्हरला ते 'सेट' म्हणतात आणि चालू केल्यावर सवयीने त्याला टिचकी मारून 'हॅलो, हॅलो' पुटपुटतात.

पश्चिमेकडच्या डोंगरात भाताचे जे जुने वाण अजून टिकून आहेत, त्यांची माहिती देणारी वेबसाईट आमच्या कार्यालयातल्याच सर्व्हरवर चालते. दादाभाऊ वाड्यावस्त्यांवर जायचे, लोकांना बोलतं करायचे आणि आवाज भरून आणायचे. त्यातला एक आवाज भीमाशंकरच्या वाटेवरच्या चिमाजींचा. ते दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पत्नी गोजरबाई राहतात त्या वस्तीवर फोनला रेंज येत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी त्या पाटी दाराशी ठेवून आत येतात आणि नवऱ्याचं बोलणं ऐकून जातात. बोलता बोलता चिमाजी एका वाणाच्या नावापाशी अडतात आणि आतल्या खोलीकडे हाक मारतात, "गोजरे, तू सांग की." ध्वनिफीत तिथेच संपते. आमच्या कार्यालयात बसलेल्या गोजरबाई दर वेळी म्हणतात, "सांगते, थांब." आणि उठतात.

गेल्या उन्हाळ्यात वेबसाईट ज्या डिस्कवर होती ती कटकट वाजू लागली. नवी डिस्क आणली. दादाभाऊंनी वेबसाईट थोडा वेळ बंद ठेवली, तिचा सगळा फोल्डर नव्या डिस्कवर उतरवला, सर्व्हरला नवी जागा सांगितली आणि फोल्डर उघडण्याच्या परवानग्या पुन्हा दिल्या. मग एकेक पान उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. चिमाजीही बोलले.

"झालं, साहेब. जुनी आता भंगारात द्यायला मोकळी," ते मला म्हणाले.

तेवढ्यात गोजरबाई आल्या. सर्व्हरचं झाकण उघडं पाहून दारातच थबकल्या.

"काय रं, मोडलं का काय?"

"मोडंल कशाला? चिमाजीमामांना नव्या घरात नेलंय, मावशी. लई मोठं घर."

"त्यांना नवं घर? जलमभर कौलं बदलली न्हाईत त्यांनी."

"आता तुमाला गंमतच दाखवतो. जुनी डिस्क काढून टाकतो, तरी मामा बोलत्यात का न्हाई बघा."

दादाभाऊंनी सर्व्हर बंद केला, जुन्या डिस्कची वायर काढली, पुन्हा चालू केला. टिचकी मारली. हॅलो म्हटलं. पान उघडलं, फोटोतले चिमाजी दिसले. बटण दाबलं, आवाज काही येईना. पुन्हा दाबलं. तरी नाही.

"झोपलं आसतील," गोजरबाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही. दादाभाऊंचा चेहरा पाहून त्यांचंही हसू गेलं.

"बाकीचे आवाज लावा," मी म्हणालो.

ते लागले. फक्त चिमाजी गप्प होते. मग दादाभाऊंनी कपाळावर हात मारला.

"साहेब, मामांचं मी वेगळं ठेवलं व्हतं."

चिमाजींनी त्या ध्वनिफितीत सांगितलं होतं, पेरायचं भात आम्ही खायच्या भातात ठेवत नाही, त्याची वेगळी कणगी करून माळ्यावर ठेवतो. दादाभाऊंना ते इतकं पटलं होतं की परत आल्यावर ती ध्वनिफीत त्यांनी वेबसाईटच्या फोल्डरमध्ये न ठेवता जुन्या डिस्कवरच बाहेर एक फोल्डर करून त्यात ठेवली आणि वेबसाईटला फक्त तिकडची वाट दाखवली. फोल्डरचं नाव 'कणगी'. म्हणजे मघाशी चिमाजी बोलले ते जुन्या डिस्कवरूनच. मी दरमहा जी प्रत काढून कपाटात ठेवायला लावतो ती वेबसाईटच्या फोल्डरची. कणगी तिच्यातही नव्हती.

जुनी डिस्क परत जोडली, तर सर्व्हरला ती दिसेना.

"माझ्याच्यानं झालं, मावशी," दादाभाऊ म्हणाले.

गोजरबाईंनी पदराने स्क्रीनवरच्या फोटोची धूळ पुसली आणि खुर्चीत बसून राहिल्या.

दादाभाऊंनी डिस्क काढून गार व्हायला टेबलावर पंख्याखाली ठेवली. तिघांचा चहा झाला. कानांना बारीक आवाज कळत नाही म्हणून डिस्क पुन्हा जोडल्यावर त्यांनी तिच्यावर बोटं टेकली. नाडी पाहावी तशी.

"फिरतीय," ते कुजबुजले. "फिरतीय, साहेब. कुणी टेबलाला हात लावू नका."

स्क्रीनवर जुनी डिस्क उमटली. कणगीही दिसली. ध्वनिफीत नव्या डिस्कवर उतरेपर्यंत त्यांनी बोटं उचलली नाहीत. मग वेबसाईटला नवी वाट दाखवली, आणखी एक प्रत माझ्या कपाटासाठी काढली आणि जुन्या डिस्कची वायर पुन्हा काढली. या वेळी गंमत म्हणून नाही. मग बटण दाबलं.

"पेरायचं भात आमी खायच्या भातात ठेवत न्हाई..."

दादाभाऊ तिथेच फरशीवर बसले. गोजरबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. "गोजरे, तू सांग की," अशी हाक आली. त्या दिवशी त्या उठल्या नाहीत. पुढे वाकल्या, स्पीकरजवळ तोंड नेलं.

"रायभोग," त्या म्हणाल्या. "रायभोग व्हतं ते. आता इसरू नका."