खोकणारं कुत्रं बाहेर

डॉक्टर इनामदार कुणाला "या, बसा" म्हणाले असतील, तर ते माझ्या कानावर कधी आलं नाही. उदगीरच्या आमच्या गल्लीत माझं फॉल-पिकोचं दुकान आणि त्यांचा जनावरांचा दवाखाना यांच्यामध्ये एकच भिंत होती, तेव्हा आलं असतं तर पहिल्यांदा मलाच आलं असतं. कुणी कुत्रं घेऊन पायरीवर पाय ठेवला की आतून आवाज यायचा, "खोकतंय का?" समोरचा "हाव" म्हणाला की दुसरा आवाज पहिल्यापेक्षा मोठा. "मग बाहेर! खोकणारं कुत्रं बाहेर!" आणि बाहेर म्हणजे कुठे, तर माझ्या दुकानासमोर. त्यांच्या दारात ऊन आणि माझ्या दारात लिंबाची सावली, म्हणून.

लग्नाच्या साड्या घेऊन आलेल्या बायका ते घरघरणारं कुत्रं बघून आल्या पावली परत जायच्या. मी भांडायला गेले की इनामदारांचं उत्तर तयार. "ताई, एक खोकणारं आत घेतलं की आतली समदी खोकला घेऊन घरी जात्यात. बाहेर हवा लागती."

"अन माझी गिऱ्हाइकं?"

"त्येंना न्हाई लागत हा खोकला. माझं नाव सांगा."

बायका खोकल्याला नाही, कुत्र्याला घाबरतात, हे त्या माणसाला मी शेवटपर्यंत पटवू शकले नाही.

आमच्या भागात कुत्रं घोगरं खोकायला लागलं, मान लांब करून ओकारी काढल्यासारखं करायला लागलं, की सगळ्यांचं निदान एकच असतं. घशात हाड अडकलं. मग ते खाली ढकलायला सुक्या भाकरीचे गोळे, वरून तूप, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर घरातल्या धाडसी माणसाची बोटं थेट घशात. त्यामुळे दवाखान्यात आलेल्या निम्म्या मालकांच्या बोटाला फडकं बांधलेलं असायचं. इनामदार कुत्र्याआधी ते बोट बघायचे.

"सापडलं का हाड?"

"न्हाई साहेब."

"कसं सापडंल? हाड न्हाईच तिथं. सर्दी-खोकला हाय, दुसऱ्या कुत्र्याकडून आलेला. तुमचं पोरगं खोकलं तर त्येच्या घशात बी हात घालता का?"

मग इलाज सांगायचे. गळ्यातला पट्टा काढा, छातीला बांधायचा आणा. पळवू नका. दुसऱ्या कुत्र्याजवळ नेऊ नका. पाण्याचं भांडं वेगळं. थोड्या दिवसांत आपोआप थांबेल. शिरूर अनंतपाळहून जीप करून आलेला माणूस हे ऐकून तिथेच उभा राहायचा. "अन सुई?" ताप नाही, खाणंपिणं चालू आहे, तर सुई कशाला, असं डॉक्टर म्हणायचे आणि तो माणूस फसवलं गेल्यासारखा चेहरा करून माझ्या दुकानात यायचा. "बाई, दुसरा डॉक्टर हाय का हितं?" मी तरी काय सांगणार? ज्या कुत्र्याला खरोखर धाप लागलेली असे, त्याला सलाईन लावून हेच गृहस्थ त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहायचे, तेही माझ्याच लिंबाखाली. पण सुई मागणाऱ्याला ते कसं दिसावं? "औषध मी देतो, अक्कल कुठून देऊ?" हे वाक्य त्यांनी मास्तरांना ऐकवलं, फौजदारांना ऐकवलं आणि एकदा मलाही.

त्यांची चौकशी हा तर डोक्याला तापच होता. कुत्रं कुठून आणलं, कुठं नेलं, कुणाला भेटलं, हे सगळं कळल्याशिवाय पेन उघडायचे नाहीत. एकदा निलंग्याकडचे एक प्लॉटिंगवाले बायकोसह आपलं शिकारी जातीचं कारवानी कुत्रं घेऊन आले. कुत्रं घराबाहेर गेलंच नाही, असं ठासून सांगत होते.

"मग खोकला कसा आला? चिठ्ठी टाकली व्हती कुणी?"

तेवढ्यात बायको म्हणाली, "आवो, मागच्या ऐतवारी मावशीच्या दहाव्याला गेलता, तवा तर संगं नेलतं की त्येला."

दहाव्याला कारवानी कुत्रं कोण नेतं? इनामदार नुसते बघत राहिले आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशीच्या दहाव्याच्या दिवशी साहेब कुत्र्यांच्या शर्यतीला गेले होते. नवराबायकोचं जे भांडण पेटलं ते अर्थात माझ्या दारात. डॉक्टरांना त्याचं काही नाही. "ते घरी जाऊन भांडा. शर्यतीत कुणाकुणाची कुत्री व्हती ते सांगा आधी." आणि मग त्या सगळ्या मालकांना फोन करून, कुत्री घरात ठेवा म्हणून दम भरत बसले. त्या दिवशी माझं एक ब्लाउज उलट्या बाहीनं शिवलं गेलं.

त्यांच्या स्वच्छतेचं मूळ मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं, त्यांच्या अम्मीत होतं. मुलगा कुत्र्यांचा डॉक्टर झाला, हे त्या म्हातारीनं सोसलं, पण तिला पाच वेळची नमाज असायची आणि कुत्र्याची लाळ लागलेलं काही नमाजीला चालत नाही. दवाखान्याचे कपडे उंबऱ्याच्या आत येणार नाहीत, चपला वेगळ्या, अंगणातल्या नळावर अंघोळ झाल्याशिवाय पाण्याच्या माठाला हात नाही. अम्मी गेल्या, तरी कायदा राहिला. उलट वाढला. खोकणारं कुत्रं तपासलं की इनामदार कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगावरचा झगा बदलायचे, चपला बदलायचे आणि मगच दुसऱ्या कुत्र्याला हात लावायचे. तोवर रांगेतले लोक घड्याळ बघून कावायचे. "अम्मी दीनासाठी, धरमासाठी सांगायची," ते मला म्हणाले होते, "पण ताई, रोग बी तसाच थांबतो. माझ्या हातानं एका कुत्र्याचा रोग दुसऱ्याला ग्येला तर म्या डॉक्टर कशाचा?"

हे सगळं मी वर्षानुवर्षं सहन करत होते. मग ते पिल्लू आलं.

जत्रेतून विकत घेतलेलं, पांढऱ्या-तपकिरी रंगाचं, लस वगैरे काही नाही. एक तरुण जोडपं टोपलीत घालून घेऊन आलं. त्याचे डोळे चिकटलेले, नाकातून पिवळं वाहत होतं, खोकला होताच, आणि जबडा मधूनच आपोआप उडत होता. मी मशीन थांबवून उठले, कारण इनामदार ओरडले नव्हते. ते हळू आवाजात बोलत होते आणि तसं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"ही साधी सर्दी न्हाई. डिस्टेंपर हाय. ह्या विषाणूवर औषध न्हाई. ताप उतरवायचा, सलाईन द्यायचं, डोळं-नाक पुसायचं अन वाट बघायची. लस आधी घ्यायची असती."

जोडप्यानं पिल्लू "उद्या येतो" म्हणून ठेवलं आणि मग फोन उचलणंच बंद केलं. संध्याकाळी डॉक्टर माझ्या मागच्या दारात उभे.

"ताई, मागचं पत्र्याचं शेड रिकामं हाय न्हवं?"

"रिकामं नाही. माझ्या जुन्या मशिनी आहेत तिथं."

"त्येंना न्हाई लागत हा रोग. दोन दिवस ठिवू द्या."

त्यांचे दोन दिवस मला माहीत होते. तरी किल्ली दिली, आणि वर माझ्यासाठीही अम्मीचा कायदा लागू झाला. शेडच्या खिळ्यावर एक जुना गाऊन, तो घालूनच आत जायचं. दारात ब्लीचच्या पाण्याचं घमेलं, त्यात पाय बुडवूनच बाहेर यायचं. मी काही कुत्र्यांच्या मागची बाई नव्हे. पण डॉक्टर फेरीला गेले की ते पिल्लू उपाशी राहायचं, आणि मऊ भात बोटानं चाटवला तरच गिळायचं. मग काय करता?

त्यातच चंपाषष्ठी आली. गल्लीच्या तोंडाशी खंडोबाचं देऊळ आहे. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की पहिला मान कुत्र्यांचा. गल्लीतली सगळी पाळीव कुत्री, मोकाट कुत्री, कपाळाला भंडारा लावून देवळापुढच्या एका मोठ्या परातीत दूध-रोडगा खातात. देवाच्या दारात वेगळी पंगत नाही, म्हणून परात एकच. रोडगे आमच्या घरचे, माझ्या सासूच्या आधीपासून. आणि दूध इनामदारांच्या घरचं, त्यांच्या आजोबांपासून. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

त्या वर्षी देवळाच्या बैठकीत मीही बसले होते. डॉक्टर आले आणि पायरीच्या खाली उभे राहूनच म्हणाले, "यंदा परात नको. गल्लीत डिस्टेंपर आलाय. एकानं नाक घातलं की समद्यांना लागंल. न्हाईतर दूध माझ्याकडून न्हाई."

मग मागून एक जण म्हणाला, "आता इनामदार आमाला खंडोबा शिकवनार व्हय?"

त्या माणसाला मी आजही ओळख देत नाही. पण त्याहून जास्त राग मला डॉक्टरांचा आला. गावभर तोंड चालवणारा हा माणूस तिथे एक शब्द बोलला नाही. वळला आणि घराकडे चालू लागला. त्यांचा चेहरा मी बघितला आणि माझं डोकंच फिरलं. मी उठले. "दूध नाही तर रोडगेही नाहीत. ते पिल्लू माझ्या शेडमध्ये आहे. रात्रंदिवस त्याचा जबडा उडतोय, ते या जरा बघायला. मग मांडा परात."

घरी आल्यावर सासूबाई बोलल्या ते इथे लिहीत नाही. मीही घाबरले होते. देवाचा मान माझ्या हातून मोडला, असं मला खरंच वाटत होतं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

वाट काढली ती आमच्या गुरवानं. म्हातारा सकाळी दोघांच्याही दारात येऊन म्हणाला, "कुत्री देवाकडं येऊ नयेत म्हनता न्हवं? मग द्येव कुत्र्याकडं जाईल की." चंपाषष्ठीला भंडाऱ्याचं ताट घेऊन तो दारोदार फिरला. घरोघरी उंबऱ्यात कुत्रं बांधलेलं, पुढे त्याचा स्वतःचा पळसाचा द्रोण, त्यात माझा रोडगा आणि इनामदारांचं दूध. मोकाट कुत्र्यांचे द्रोण लांब लांब मांडले. "येळकोट येळकोट जय मल्हार" करत सगळी गल्ली मागे. डॉक्टर काही मिरवणुकीत नव्हते. ते पुढे पळत होते, एकाच्या द्रोणात दुसऱ्याचं तोंड जाऊ नये म्हणून, आणि "ए, धर की त्येला! अक्कल कुठून देऊ?" असं ओरडत होते. येळकोटापेक्षा त्यांचाच आवाज मोठा होता. भंडाऱ्याचं ताट माझ्या शेडच्या दारातही आलं. आत आलं नाही. गुरवानं उंबऱ्यावरच चिमूट टाकली, आणि मी ती गाऊन घालून आत नेऊन पिल्लाच्या कपाळाला लावली.

त्या हिवाळ्यात दुसऱ्या गल्ल्यांमधून मेलेली कुत्री उचलावी लागली. आमच्या गल्लीत त्या रोगानं एकही गेलं नाही. शेडमधलं पिल्लूही जगलं. कसं जगलं ते डॉक्टरांनाही सांगता येईना. फक्त त्या कुत्रीचा पुढचा एक पाय जन्मभर ठकठक उडत राहिला, बसली असली तरी, झोपली असली तरी. "हिला मशीनच म्हना," डॉक्टर म्हणाले. असल्या कुत्रीला कोण नेणार? दोन दिवसांसाठी आलेली मशीन माझ्याकडेच राहिली. दवाखान्याच्या पायरीपर्यंत जायची, पण डॉक्टरांनी खुणावल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. दुसऱ्या वर्षापासून परातीची आठवण कुणी काढली नाही. चंपाषष्ठीला देव दारोदार जातो, हीच आता आमची रीत आहे आणि मागून बोलणारा तो माणूस ती पाहुण्यांना कौतुकानं सांगतो.

मागच्या थंडीत इनामदारांना खोकला लागला. मी चहाला हाक मारली तर रस्त्याच्या पलीकडेच उभे.

"आत या की, डॉक्टर."

"खोकणारं बाहेर, ताई."

"तुम्ही काय कुत्रं आहात?"

"कायदा त्योच हाय. तुमच्या सासूबाईंची छाती नाजूक." स्वतःचा पेला आणला होता. तो कट्ट्यावर ठेवून मागे सरकले, मी चहा ओतून आत आल्यावरच पुढे येऊन उचलला. मी चिडून म्हणाले, जगाला तपासत बसता, स्वतःला दाखवा कुणाला तरी. "सर्दी हाय, थांबंल आपोआप," म्हणाले. दुसऱ्याच्या कुत्र्याची कुठली सर्दी साधी आणि कुठली नाही हे लांबून ओळखणारा माणूस! लातूरला नेलं तेव्हा छाती भरून गेली होती. ते परत आले नाहीत. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटतही नाही.

महिन्याभरानं त्यांची मुलगी शाहीन नांदेडहून आली. सामान आवरायला तिनं दवाखान्याचं शटर वर केलं. आवाज ऐकून मशीन माझ्या पायाशी होती ती उठली, उडत्या पायानं पायऱ्या चढली आणि उंबऱ्यापाशी येऊन बसली. शाहीननं आतून हाक मारली, बिस्कीट दाखवलं. ती आत जाईना. मान वाकवून आत बघत राहिली आणि तिचा पाय फरशीवर ठकठक करत राहिला.

"चाची, ही आत का येत नाही?" शाहीननं विचारलं.

मी मशीनच्या पाठीला हात लावला. "जा गं बये," म्हणाले, "तुझा खोकला कधीच बरा झालाय." ती काही हलली नाही. ज्यानं आत बोलवायचं तो माणूस तिथे नव्हता, आणि मी तरी तिला कुठल्या तोंडानं ढकलणार? मीही तिच्याशेजारी पायरीवर बसले.