पेरूच्या झाडावरचा सिनेमा

आमच्या घरचे सगळे सिनेमे पेरूच्या झाडाला टांगलेले आहेत. नाही, तुम्ही बरोबर वाचलंत.

भिलाईत जुनवानीला आमचं घर. मागे छोटंसं परस, त्यात पेरू आणि आईच्या भाज्या. बाबा प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते. तिथे एक पंप चालत असला की शेजारी दुसरा तयार उभा असतो, त्याला म्हणायचं स्टँडबाय. बाबा रिटायर झाले, पण स्टँडबाय काही रिटायर झाला नाही! आमच्याकडे शेगडीला स्टँडबाय शेगडी आहे, छत्रीला स्टँडबाय छत्री आहे आणि चष्म्याला स्टँडबाय चष्मा आहे (जो शोधायला आधी पहिला चष्मा लागतो).

अशा घरात डीव्हीडींचं एक अख्खं कपाट भरलेलं असणारच. एका दिवाळीच्या साफसफाईत मी त्याच्यासमोर उभा राहून भाषण ठोकलं.

"बाबा, हा कबाडा कावून ठेवून राह्यले तुमी? आता सगळे पिक्चर फोनवर भेटते. एकदा विकत घेतला की जिंदगीभर आपला!"

"असते कुठं तो?"

"दूर कुठंतरी. कंपनीच्या सर्व्हरवर."

"अन् चाबी कोणाजवळ?"

"चाबी नाई लागत बाबा!"

"चाबी नाई, अन् म्हणते आपला," बाबा म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचू लागले.

त्या कपाटात आईची एक डीव्हीडी होती, प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा न फाडलेली. तिची कथा अशी. आई आणि तुमसरची मावशी लहानपणी एक ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमा पाहायला गेल्या होत्या. नायिका भांडून घर सोडते, स्टेशनवर येते, गाडीची शिट्टी होते... आणि नेमकं तेव्हाच आजोबा टॉकीजमध्ये येऊन दोघींना ओढत घरी घेऊन गेले! तेव्हापासून आई म्हणते, ती नवऱ्याकडे परतली. मावशी म्हणते, ती गाडीत बसून गेली. साऱ्या लग्नाकार्यांत हे भांडण झालेलं आहे. पुढे बाबांनी नागपूरहून ती डीव्हीडी शोधून आणली, तर आई म्हणाली, "ताई आल्याशिवाय मी नाई पाहात." आणि ताईला काही येणं जमेना. कधी शेती, कधी आजारपण, कधी नातवंडं.

मी तो सिनेमा आईसमोर फोनवर विकत घेतला. आई बिचारी भोळी. "पोरगा म्हणते, तर असन," म्हणाली आणि तिनं आपली डीव्हीडीही दिली. शेवटी बाबांनी माझ्या हट्टापुढे हार मानली, वेष्टणं फाडली, तबकड्या दोऱ्यात ओवल्या आणि पोपट पळवायला पेरूवर टांगल्या. उन्हात अशा चमकायच्या की आमच्या परसात रोज कोणाची तरी वरात आल्यासारखं वाटे. ते पाहून शेजारच्या साहू काकी भिंतीपाशी आल्या. "मोला घलो दे न भइया!" छत्तीसगढीत म्हणजे मलाही दे. मी ओंजळभर दिल्या. दिलदार माणूस मी!

एक तबकडी मात्र मी दिली नाही. माझा कार-रेसचा व्हिडिओ गेम. तो मी गोदरेजच्या कपाटात स्वेटरांखाली ठेवला (तो कबाडा नव्हता, तो संग्रह होता). त्या गेमात मी कायम शेवटचा यायचो, पण प्रेमाला कुठे असं काही लागतं!

आणि या हिवाळ्यात मावशी आली. निघायच्या दिवशी तिची दुपारची गाडी होती दुर्गहून, म्हणून सकाळीच कार्यक्रम ठरला. पोहे झाले, चहा झाला, दोघी बहिणी टीव्हीसमोर एकमेकींना खेटून बसल्या. मी ऐटीत बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली: हा चित्रपट आता उपलब्ध नाही.

"हे पाट्या आहेत का सुरुवातीच्या?" मावशीनं विचारलं.

मी टीव्ही बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. फोन बंद करून चालू केला. घरात बंद-चालू करण्यासारखा मग मीच उरलो होतो! कंपनीला चॅटवर विचारलं, तर तिथून उत्तर आलं की तुम्ही सिनेमा नव्हे, सिनेमा पाहायची परवानगी घेतली होती, आणि ती आता संपली.

मावशी हसली. "जाऊ दे रे मंग्या. माह्या नशिबातच नाई त्याचा शेवट. आता या गुडघ्यांनं मी परत कधी येतो अन् कधी नाई."

आईनं मावशीचा हात धरला. खरंच सांगतो, त्या क्षणी मला तोंड लपवायला जागा हवी होती.

बाबा उठले. "शिडी आण."

मग जे झालं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. मी झाडावर, बाबा शिडीला धरून, आणि खाली दोघी बहिणी माना वर करून प्रत्येक तबकडीचं नाव वाचताहेत!

"तो पाह्य, तो!"

"तो हिंदी आहे ताई, मारामारीचा."

"अन् तो?"

"त्याच्यावर चिमणी शिटली आहे, काई दिसत नाई."

झाड संपलं, सिनेमा सापडला नाही! तेवढ्यात आईनं भिंतीपलीकडे बोट केलं. साहू काकींच्या मिरच्यांच्या वाफ्यात, काठीच्या टोकाला, आमचा सिनेमा गरगर फिरत होता.

काकींनी साफ नकार दिला. "एला हेर देहूं त सुआ मन जम्मो मिरचा ला खा डारहीं!" म्हणजे ही काढली तर पोपट सगळ्या मिरच्या फस्त करतील.

"आमच्या झाडावरची एक घ्या न," मी म्हणालो.

"अन् आपल्या पेरूचं काय?" आई कडाडली. (ताई गेली तर चालेल, पेरू जाता कामा नये!)

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "स्टँडबाय पाह्यजे. मंग्या, स्वेटरखाली काय आहे?"

"तुमाले कसं माहीत?"

"मी माहा जुना प्लेअर तिथंच मागं ठेवला आहे. तू भंगारात टाकशीन म्हणून."

भिंतीवरून देवाणघेवाण झाली. माझा गेम पलीकडे, सिनेमा अलीकडे. साबणानं धुतला, मऊ धोतरानं पुसला. स्वेटरांमागून निघालेला प्लेअर घरघरला, खोकला आणि चक्क लागला!

दोघी पापणी न लववता बसल्या. नायिका भांडली, निघाली, स्टेशनवर आली. शिट्टी झाली... आणि चित्र अडकलं! "अरे देवा," मावशी ओरडली, "आपले बाबा आले वाटते न्यायला!" आमच्या बाबांनी पुढे होऊन प्लेअरच्या पाठीत एक थाप दिली, जशी प्लांटमध्ये पंपाला देत असतील, तशी. चित्र हललं.

नवरा येतो. बाकावर तिच्याशेजारी बसतो. गाडी निघून जाते. दोघं चहा पितात. समाप्त.

"म्हंजे मी जिंकली," आई म्हणाली. "गाडीत नाई बसली."

"घरी कुठं गेली पण? चहा पिऊन राह्यली!" मावशी म्हणाली. "दुसऱ्या गाडीनं गेली असन." आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग नुसतंच पाणी राहिलं. मावशीनं घड्याळ पाहिलं. तिचीही गाडी सुटली होती. "राह्यतो मग चार दिवस," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. आई इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

बाबांचे, काकींचे, त्या घरघरत्या प्लेअरचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. आता घरात डिजिटलही घेतो आणि तबकडीही घेतो. स्टँडबाय म्हणून.

माझा गेम अजून काकींच्या मिरच्यांत आहे. परवा काकी भिंतीवरून कौतुकानं म्हणाल्या, "भइया, तोर चकरी बने काम करत हे, एको सुआ नइ आवय!" तुझी तबकडी मस्त काम करते, एकही पोपट येत नाही म्हणे. मी कॉलर ताठ केली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या गाडीला बघून समोरचं कोणीतरी पळालं होतं!