शनिवारचं रोमानियन वाचनालय आणि आमच्या कौसल्याताई

कौसल्याताईंची आणि माझी ओळख कशी झाली, हे गौरवग्रंथात लिहिण्याजोगं आहे की नाही, याचा निर्णय संपादकांवर सोडते. घडलं ते असं. २००१ सालचा डिसेंबर होता. नागपूरहून नेपरव्हिलला येऊन आम्हाला काही महिनेच झाले होते. मला कार चालवता येत नव्हती आणि माझे पती निखिल शनिवारीही ऑफिसात असत. चार वर्षांच्या सईला घेऊन मी चालत दूध आणायला निघाले होते, तर वाटेत ती जी थांबली ती हलेना. "आई, शू. आत्ता!" समोर एक चर्च होतं आणि त्याचं बाजूचं दार उघडं होतं. पायऱ्या उतरून आम्ही दोघी तळघरात शिरलो.

खाली पुस्तकांनी भरलेली एक खोली होती. सतरंजीवर मुलं बसली होती आणि पँट, तपकिरी स्वेटर, कानापर्यंत कापलेले पांढरे केस अशा एक वयस्क बाई त्यांना कुठल्याशा अनोळखी भाषेतून गोष्ट वाचून दाखवत होत्या. सईचा चेहरा पाहून त्यांनी वाचता वाचताच बोटानं बाथरूमचं दार दाखवलं. परत येताना सईच्या जाड जॅकेटचा धक्का लागला आणि टेबलावरची पुस्तकांची चळत धाडकन खाली आली.

"अगं बाई गं!" त्या बाई म्हणाल्या.

मी जागच्या जागी उभी राहिले. त्यांचाही हात तोंडावर गेला होता.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"नागपूर," त्या म्हणाल्या.

"मी पण."

त्यांना खूप काही बोलायचं होतं, पण मराठी शब्द येईनात. मग सतरंजीच्या कोपऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "बस. बस न गं. हे… हे संपवते." आणि पुन्हा गोष्टीकडे वळल्या. भाषेचं एक अक्षर न कळता सई आणि मी शेवटपर्यंत ऐकत बसलो.

कौसल्याताई दुमित्रू या नावामागची हकीकत आपल्या मराठी मंडळातल्या पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. ताईंचा जन्म उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्याचा. वडील गिरणीत कामाला होते आणि वस्तीतल्या एका खोलीत त्यांनी वाचनालय चालवलं होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचं काम लहानग्या कौसल्येकडे असे. पुढे त्यांनी ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि पूर्वेकडच्या एका तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या ग्रंथालयात नोकरी धरली. तिथे रोमानियाहून मिहाई दुमित्रू नावाचे इंजिनिअर आले होते. ते इंग्रजी सुधारण्यासाठी पुस्तकं न्यायला येत. "पुस्तक वेळेवर परत करणारा तेवढा एकच माणूस होता बापा," ताई सांगतात. एवढ्या एका गुणावर त्यांनी लग्न केलं असावं, असं मला वाटतं.

वडिलांनी या लग्नाला नाही म्हटलं नाही. दूर जाशील, एवढंच म्हणाले. ताई रोमानियात गेल्या. सासूबाईंनी त्यांना मुलांच्या गोष्टी वाचून दाखवत भाषा शिकवली. त्या लिपीत काही अक्षरांना खाली स्वल्पविरामासारखी शेपटी असते. ती विसरली की सासूबाई बोटावर हलकेच चमचा मारत. वडील गेल्याचं ताईंना तिथेच कळलं, तेही अंत्यसंस्कार होऊन पुष्कळ दिवस लोटल्यावर. तिथल्या कम्युनिस्ट राजवटीत देशाबाहेर पडायची परवानगी आणि तिकीट या दोन्ही गोष्टी एकदम जमणं अशक्य होतं. पुढे नवराबायको अमेरिकेत आले. इथल्या रोमानियन मुलांसाठी मिहाईंनी चर्चच्या तळघरात दर शनिवारचं वाचनालय सुरू केलं. आमची ओळख व्हायच्या तीन वर्षं आधी ते वारले. वाचनालय ताईंनी चालू ठेवलं.

मी दर शनिवारी जाऊ लागले. पुस्तकं पुसणं, फाटलेली पानं चिकटवणं, देवघेवीच्या वेळी मुलांची रांग लावणं, ही कामं भाषेवाचून अडत नव्हती. काम संपलं की ताई केटलीत चहा करत आणि मला समोर बसवत. सुरुवातीला मी त्यांना मराठी पुस्तकं नेऊन दिली. त्यांनी ती नीट कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "वाचीन मी. पण तू बोल आधी. काहीपण बोल. भाजीचं सांग, शेजारणीचं सांग." मग मी बोलत असे, आणि त्या ओठांनी माझे शब्द पुन्हा म्हणत. 'चिडचिड' हा शब्द त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटला, तेव्हा त्यांनी तो तीन-चारदा म्हणून पाहिला आणि खुदकन हसल्या. घरी ज्याच्याशी मराठी बोलावं असं कुणी नव्हतं. मिहाईंना 'चाल' आणि 'जेव' एवढंच येत होतं.

मुलांना शिकवायची त्यांची रीत आपल्या मंडळाच्या शाळेनं उचलावी अशी आहे. आपली मुलं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात, तशीच ती मुलंही रोमानियनमध्ये विचारलं की इंग्रजीतच बोलायची. आपण रागावतो. ताई कधी रागावल्या नाहीत. आन्का नावाची एक मुलगी फार हट्टी होती. गोष्ट संपल्यावर तिनं खाडकन सांगून टाकलं, "द विच वॉज राइट!" ताईंनी मान डोलावली आणि रोमानियनमध्ये तिला म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतं. पण तुझ्या आजीला फोनवर हे कसं सांगशील?" आन्का अडली. मग अडखळत, चुकत, हातवारे करत तिनं ते सांगितलं. ताईंनी एकही चूक दुरुस्त केली नाही. मुलं त्यांना 'बुनिका' म्हणत. त्यांच्या भाषेत बुनिका म्हणजे आजी. सईही म्हणू लागली, आणि मीही तिला अडवलं नाही.

आता एक प्रसंग सांगते. तो माझ्या घरचा आहे, पण त्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. २००३ साली माझे बाबा नागपुरात हार्ट अटॅकनं गेले. तेव्हा आमच्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. बाहेर गेले असते तर परत येता येईल याची खात्री नव्हती. वकिलानं जाऊ नका म्हणून सांगितलं. भावानं फोनवर "नको येऊस, आम्ही आहोत" म्हटलं. मी होकार दिला आणि भांडी घासायला लागले. ताईंना निखिलनी कळवलं. त्या बस बदलत बदलत आल्या, बूट काढले, माझ्या हातातली कढई काढून घेतली आणि म्हणाल्या, "काहून थांबून राह्यली गं? रड न."

त्या आमच्याकडे चार-पाच दिवस राहिल्या. गोळाभात केला. डाळ जाडसर वाटली गेली होती, त्यामुळे गोळे फुटले. माझ्या शेजारी बसून त्या स्वतःच्या वडिलांविषयी बोलल्या. "मला कळलं तेव्हा मी दुकानाच्या रांगेत उभी राहायला गेली," त्या म्हणाल्या. "घरी बसून काय करू? तिथं कोणाला सांगू, की माझे बाबा असे होते? ते बाबा हा शब्द कोणालाच माहीत नव्हता. तू मला सांग. तुझे बाबा कसे होते?" मी सांगत राहिले. सकाळी त्या खिडकीशी उभं राहून हळू आवाजात बुद्धवंदना म्हणत. त्या बौद्ध आहेत हे चर्चमध्येही लपलं नव्हतं. तिथले म्हातारे पाद्रीबाबा, सगळे छातीवर क्रूस काढत असताना शेवटच्या बाकावरच्या ताई नुसतेच हात जोडतात, हे वर्षानुवर्षं पाहत आले होते. त्यांनी कधी काही विचारलं नाही. ताई त्यांचं नाव आजही आदरानं घेतात.

पुढच्या हिवाळ्यात मला नागपूरला जाता आलं. निघताना ताईंनी काही आणायला सांगितलं नाही. "जमलं तर इंदोऱ्यातून फोन कर," एवढंच म्हणाल्या. माझं माहेर गोकुळपेठेत. सगळं बालपण नागपुरात जाऊनही मी इंदोऱ्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. भावाच्या स्कूटरवरून गेले, विचारत विचारत त्यांची गल्ली शोधली आणि त्याच्या मोबाइलवरून फोन लावला. तिकडे सकाळ होती, नेपरव्हिलला आदली संध्याकाळ.

"ताई, मी तुमच्या गल्लीत आहे."

"बोलू नको," त्या म्हणाल्या. "फोन तसाच धर."

मी हात लांब करून फोन धरला. नळावर भांड्यांचा आवाज होत होता. संत्र्यांची गाडी गेली. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली आणि एका दारातून एक मूल मोठमोठ्यानं पाढे म्हणत होतं. भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळानं मी फोन कानाला लावला.

"कोणाचं लेकरू आहे गं ते?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही, ताई."

"चांगलं म्हणून राह्यलं."

मग मी त्यांना सांगितलं, की त्यांच्या बाबांच्या वाचनालयाच्या जागी आता अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे बसतात. "पोरी येतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी डोकावले तेव्हा पोरीच जास्त होत्या. फोन त्यांनीच ठेवला.

ताईंच्या वाट्याला टोचणारे शब्दही आले. तेही लिहायला हवेत. २००५ च्या आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळातले एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "मावशी, राग मानू नका, पण एवढी मेहनत आपल्या मराठीसाठी केली असती तर?" ताईंनी हातातली करंजी बशीत ठेवली. "मराठीला तुम्ही सगळे आहात न बापा," त्या म्हणाल्या. "मिहाई गेला तेव्हा त्या पुस्तकांना कोणीच नव्हतं." दुसऱ्या बाजूनंही त्यांना ऐकावं लागलं. चर्चची इमारत विकली जाणार असं पुढच्या वर्षी ठरलं, तेव्हा पुस्तकं वाटून टाकावीत की ठेवावीत यावर रोमानियन मंडळींची बैठक झाली. तिथे वासिले नावाचे एक जण म्हणाले, "शेवटी ती बाई काही आपली नाही." मला हे आन्काच्या आईनं सांगितलं. ताई तिथेच बसल्या होत्या. बैठकीनंतर मी त्यांना न्यायला गेले, तेव्हा वाटेत मला म्हणाल्या, "इथं नाही, तिथं नाही. मग मी कुठली गं?" त्यांच्या तोंडून असा प्रश्न मी तेवढा एकदाच ऐकला. शनिवारी वाचनालय नेहमीच्या वेळी उघडलं.

जागा जानेवारीत सोडायची होती. नवी जागा मिळेपर्यंत पुस्तकं ठेवायची कुठे? निखिलनी मंडळातल्या चार मित्रांना फोन केले. भाड्याचा ट्रक आला. खोकी इंडियन ग्रोसरीतून आणली. रोमानियन पुस्तकं आंब्याच्या रसाच्या डब्यांच्या खोक्यांत भरली गेली आणि कुलकर्णी, मेश्राम, देशमुख आणि आमच्या अशा चार घरांच्या तळघरांत जाऊन बसली. त्या सकाळी भरपूर बर्फ पडला होता. आम्ही घरी पोहोचलो तर आमच्या ड्राइव्हवेवर एक धिप्पाड गृहस्थ फावड्यानं बर्फ काढत होते. ते वासिले होते. त्यांनी वाट मोकळी केली आणि खोकी उचलून खाली नेऊ लागले. ताईंनी त्यांना चहा दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

त्यानंतर दोन हिवाळे बुनिकांची शाळा आमच्या तळघरात भरली. रोमानियन मुलं पोहे खाऊ लागली. मार्चच्या पहिल्या दिवशी ती मुलं लाल-पांढरा पिळलेला दोरा एकमेकांना देतात. तो मेश्रामांच्या मुलांच्याही मनगटांवर आला. हळूहळू ताई गोष्टीनंतर दहा मिनिटं मराठीही वाचू लागल्या, आणि दिवाळीत टोचून बोललेल्या त्या गृहस्थांनी आपला नातू आणून बसवला.

या वर्षी, २००८ मध्ये, ग्रोसरीच्या शेजारच्या गाळ्यात वाचनालयाला स्वतःची जागा मिळाली. अर्धं भाडं रोमानियन मंडळी देतात, अर्धं आपलं मंडळ. उन्हाळ्यात ताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे काही शनिवार त्या येऊ शकल्या नाहीत. परवा मी त्यांना घेऊन गेले तेव्हा आम्हाला उशीर झाला होता. वाटभर त्या अस्वस्थ होत्या. मुलं ताटकळली असतील, कुणी दार तरी उघडलं असेल का, म्हणून सारख्या विचारत होत्या. गाळ्यापाशी आलो तर आतून वाचनाचा आवाज येत होता. आन्का आता कॉलेजात जाते. तीच वाचत होती, रोमानियनमध्ये, सलग, ठसक्यात. मी दाराला हात लावला, तर ताईंनी माझं मनगट धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "चालू आहे."

काठीवर भार देऊन, कोटाची बटणं लावलेलीच, त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. थंडी होती. मी दोनदा आत चला म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. गोष्ट संपली, आत मुलं हसली, तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "आता उघड."

कौसल्याताई पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांचा नवा गुडघा मजबूत राहो, नजर शाबूत राहो, त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. आणि त्या आयुष्यात असे पुष्कळ शनिवार येवोत, की त्या उशिरा पोहोचतील आणि आत गोष्ट केव्हाच सुरू झालेली असेल.