अंगात जिरलेलं तेल

आमच्या घरात आदळआपटीचं खातं माझ्याकडे होतं. नवरा शांत. एकदा रागाच्या भरात मी वरणाचं पातेलं सिंकमध्ये आपटलं, वरण भिंतीवर उडालं, आणि हा माणूस काय म्हणाला? "हिंग जास्त झालं होतं, बरंच झालं." अशा माणसाशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्के मारण्यासारखं. आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे अरे-तुरेचा संसार. तोंड माझं चालायचं आणि कान त्याचे. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या त्या अपार्टमेंटच्या भिंती पातळ होत्या. शेजारची अमेरिकन बाई जिन्यात भेटली की माझ्याकडे अशा दयेने बघायची की मला तिचा संताप यायचा. तिला वाटायचं, आवाज होतोय म्हणजे बाई मार खातेय.

हे ऐंशीच्या दशकातलं. मी तेव्हा एका कंप्युटरच्या कारखान्यात होते. दिवसभर वाकून बोर्डावर बारीक भाग सोल्डर करायचे. पाठीने दावा साधला. कंबरेच्या वर, उजव्या बाजूला, कोणीतरी पक्कड घालून पिळतंय असं दुखायचं. दुखणं सोसणारी बायको मी नाही. मी ओरडायचे, शिव्या द्यायचे, अमेरिकेला, बर्फाला, सुपरवायझरला, आणि कोणीच उरलं नाही की नवऱ्याला.

साधी गोळी घेऊन सुटका नव्हती. लहानपणी मला सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप निकामी झाली. अमेरिकेत आल्यावर ती काढून धातूची बसवली. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ॲस्पिरिनला हात लावायचा नाही, रक्त आणखी पातळ होईल आणि आतल्या आत वाहील. आम्ही दोघांनी ते वेदवाक्य मानलं. सर्दीची गोळीसुद्धा नवरा आधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून मग देणार. मेथी-पालक बेताने, कारण त्याने गोळीचा जोर कमी होतो. एवढी काळजी घेणारी माणसं आम्ही.

मग आईने येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर गंधपुऱ्याचं तेल पाठवायला सुरुवात केली. उग्र, गोडसर वासाचं, लावलं की आधी गार आणि मग आग. आमच्या माहेरी पाठीपासून पोटरीपर्यंत सगळ्याला तेच. आईचं म्हणणं एकच, नुसतं फासू नका, अंगात जिरलं पाहिजे. नवऱ्याने सासूचा शब्द खाली पडू दिला नाही. रोज संध्याकाळी कामावरून आला की बाह्या सरसावून बसायचा. मी पालथी. तो दोन्ही हातांनी पाठ रगडायचा, वर गरम पाण्याची पिशवी ठेवायचा, पिशवी गार झाली की पुन्हा रगडायचा. मी केकाटायचे. तो म्हणायचा, "ओरड, ओरड. आज तुझी चांगली जिरवतो." हा आमचा रोजचा विनोद. दिवसभर मी त्याची जिरवायची, संध्याकाळी तो माझी.

खरं सांगते, दिवसातला तेवढाच वेळ मला कोणाचा राग यायचा नाही.

थंडी वाढली, पाठदुखी वाढली, तेलही वाढलं. अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. बांगडी चढवली तरी मनगटाला जांभळा पट्टा. टेबलाचा कोपरा नुसता लागला की मांडीवर वांगं. रक्ताच्या तपासणीत आलं की रक्त फारच पातळ झालंय. डॉक्टरांनी विचारलं, "आर यू टेकिंग एनिथिंग एल्स?" आणखी काही घेता का? मी म्हटलं, नाही. नवराही म्हणाला, नाही. दोघांनीही खरंच सांगितलं. औषध घेतात, तेल लावतात. तेल कोणी घेतं का? डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली आणि आम्ही घरी येऊन पाठ रगडली.

संक्रांतीला एका काकूंच्या बेसमेंटमध्ये हळदीकुंकू होतं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आम्ही आत काळ्या साड्या नेसून. काकूंनी वाण द्यायला माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मनगट, मग दंड. मी तिळगूळ घ्यायला वळले तेव्हा त्यांना ब्लाउजच्या खालची पाठ दिसली असणार. मला बाजूला बॉयलरपाशी घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे बघ, आमचं दार कधीही वाजव. काकांना मी सांभाळते." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी अशी भडकले की तिथल्या बायका वळून बघायला लागल्या. "काकू, माझा नवरा मला मारतो असं म्हणायचंय तुम्हाला? त्याची टाप आहे?" मी जितकं ओरडले तितका काकूंचा चेहरा पडत गेला. अशा बायका असंच बोलतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

सगळ्या गेल्यावर काकूंनी माझ्या भावाला फोन केला. भाऊ तासाभराच्या अंतरावर एमएस करत होता. धाकटा, पण अंगाने दांडगा, आणि राग माझ्यासारखाच, नाकावर. त्याने लगेच काही केलं नाही. रविवारी दुपारी आमच्याकडे फोन लावला, सहज म्हणून. त्या दिवशी पाठ फारच भडकली होती, म्हणून नवऱ्याने दुपारीच तेल काढलं होतं. तो फोन खांद्यात धरून एका हाताने माझी पाठ चोळत होता. भावाने विचारलं, ताई कुठेय? आणि माझा हा विनोदी नवरा म्हणाला, "ठेव रे फोन, तुझ्या ताईची जिरवतोय जरा." नेमकं तेव्हाच त्याचा अंगठा दुखऱ्या जागी बसला आणि मी अख्खी बिल्डिंग ऐकेल अशी किंचाळले.

दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही. तेल लावून झालं, मी पोळ्या करायला उठले, नवरा चहा करायला.

तासाभराने दार वाजलं. नवऱ्याने उघडलं. "अरे, ये ये, अचानक कसा?" एवढं मी ऐकलं आणि पुढचा आवाज हाडावर हाड आपटल्याचा. बाहेर आले तर चष्म्याचे तुकडे झालेले, नवरा कोटांच्या कपाटात पडलेला आणि भाऊ त्याची कॉलर धरून त्याला उठवतोय, पुन्हा मारायला. "हात उचलतोस? माझ्या बहिणीवर हात उचलतोस?" आणि पुन्हा ठोसा. नवऱ्याच्या नाकातून रक्ताची धार. त्याने हात वर केला नाही. त्याला कळतच नव्हतं, त्याने काय केलंय.

माझं डोकं फिरलं. लाटणं हातातच होतं. ते मी सख्ख्या भावाच्या पाठीत घातलं, एकदा, दोनदा, मग डोक्यात. तो म्हणतोय, "ताई, तू घाबरू नकोस, मी आलोय ना!" आणि मी त्याला बडवतेय. मी त्याचे केस धरून ओढले. त्याने झटका दिला आणि त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं.

ओठ आतून फाटला. एरवी काय, बर्फाचा खडा धरला असता आणि दोघांना शिव्या देत पोळ्या लाटल्या असत्या. पण रक्त थांबेना. टॉवेल भिजला, दुसरा भिजला. नवऱ्याचं नाक केव्हाच थांबलं होतं. माझं तोंड भरत होतं, मी थुंकत होते, पुन्हा भरत होतं. भाऊ पांढराफटक पडला. चष्मा नसल्याने नवऱ्याला गाडी चालवता येईना, म्हणून ज्याने मारलं त्यानेच आम्हाला हॉस्पिटलला नेलं. मागच्या सीटवर नवरा माझ्या तोंडाशी टॉवेल दाबून बसला होता आणि पहिल्यांदाच मोठ्याने ओरडला, "गाडी जोरात घे ना, मरेल ती!" तो आवाज ऐकून मला भीती वाटली. तोपर्यंत मला फक्त राग आला होता.

इमर्जन्सीत दोन रक्ताळलेली तोंडं बघून त्यांनी नवऱ्याला आत येऊच दिलं नाही. एक पोलीस त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला. नर्सने पडदा ओढला आणि शांतपणे विचारलं, तुमचा नवरा तुम्हाला मारतो का? तोंडात बोळे असताना मी जेवढं किंचाळता येईल तेवढं किंचाळले. "नो! आय हिट हिम!" तिने मान हलवली. डॉक्टर आले, तरुण होते. त्यांनी मला कुशीवर वळवून गाऊन बाजूला केला. मग ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या पाठीवर बोटांचे वळ आहेत. ओळीने. ही बोटं कोणाची?"

मी पाठ कधी बघितलीच नव्हती. आपली पाठ कोण बघतं?

"नवऱ्याचीच," मी म्हटलं. "पण तो मारत नाही. चोळतो."

डॉक्टरांनी नाक पुढे केलं आणि हुंगलं. म्हणाले, इथे रूट बिअरचा वास कसला येतोय? रूट बिअर म्हणजे इथलं मुलांचं गोड सोडा-पाणी. मी म्हटलं, सोडा नाही, माझ्या आईचं तेल. कसलं तेल, किती लावता, किती दिवस, वर गरम शेक देता का, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. गंधपुऱ्याच्या बाटलीवर इंग्रजीत विंटरग्रीन लिहिलंय, असं मी म्हटलं तसे ते थांबले. मग मला समजेल असं सांगितलं. या तेलात जे असतं ते ॲस्पिरिनच्याच घरातलं. कातडीतून ते रक्तात उतरतं, शेक दिला की जास्तच. वर रक्त पातळ करायची गोळी. रोज, एवढं, पाठभर. रक्तात गुठळी धरण्याची ताकदच राहिली नव्हती. दाबलं की आतल्या आत नस फुटायची आणि बोट उमटायचं. "आज हा ओठ फुटला म्हणून तुम्ही आलात," ते म्हणाले. "हेच डोक्यात झालं असतं तर तुम्ही आला नसतात."

आईने सांगितलं होतं अंगात जिरलं पाहिजे. जिरलेलं तेल पुढे जातं कुठे, हे दोन इंजिनिअरांच्या त्या घरात कोणी विचारलं नव्हतं.

मला इंजेक्शन दिलं, ओठाला टाके घातले, रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, चढवलं. संध्याकाळपर्यंत तोंडातलं रक्त थांबलं. पोलीस गेला. डॉक्टरांनी बाहेर जाऊन दोघांनाही सगळं समजावलं आणि मग त्यांना आत सोडलं.

भाऊ आला तो थेट नवऱ्याच्या पायांवर पडला. एवढा दांडगा मुलगा, हॉस्पिटलच्या फरशीवर ढसाढसा रडत होता. "जिजाजी, मला माफ करा. मला वाटलं, ते वळ तुम्ही..."

नवऱ्याचं नाक बटाट्याएवढं झालं होतं. त्याने भावाला खांद्याला धरून उठवलं. "तुला बरोबर वाटलं," तो म्हणाला. "मीच केले ते."

मी ओरडले. काय मूर्खासारखं बोलतोस, तुला काय माहीत होतं, मला तरी माहीत होतं का? टाके ताणले गेले, नर्स धावत आली. तो माझ्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या हातांकडे बघत होता. मग बेसिनपाशी गेला आणि साबण लावून हात धूत राहिला. वास जाईना तसा पुन्हा साबण घ्यायचा, पुन्हा चोळायचा.

रक्त महिन्याभरात ताळ्यावर आलं. डाग आधी हिरवे झाले, मग पिवळे, मग गेले. काकूंनी शिरा करून आणला आणि मी तो खाल्ला. भाऊ आजही माझ्या नवऱ्यासमोर खुर्चीत टेकून बसत नाही.

पाठ मात्र दुखायची ती दुखतच राहिली. त्या हिवाळ्यात एक दिवस मला अगदी सोसवेना. मी नवऱ्याला हाक मारली. तो शेकायची पिशवी घेऊन आला, गादीवर ठेवली आणि मागे सरकला. मी म्हटलं, "तेल नको. चोळू पण नकोस. नुसता हात ठेव." तो उभाच. "अरे, डॉक्टर म्हणालेत, हाताने काही होत नाही. ठेव की!" मी ओरडले, मग विनवलं. विनवणं मला येत नाही, तरी विनवलं. त्याने हात पुढे केला. माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर तो हात थांबला. मग त्याने तो मागे घेतला आणि म्हणाला, "नाही गं होत."

डॉक्टरांनी मला वाचवलं, हे मी रोज मानते. पण माझ्या पाठीवरून फिरणारा तो हात त्या रविवारी गेला, तो परत आला नाही.